दहा बोटं

सॅगिनॉ गावातल्या चर्चचं तळघर, शनिवार.
बाहेर मिठानं पांढरे पडलेले रस्ते,
आत बिंगोची टेबलं, त्यांवर जुनी वर्तमानपत्रं,
आणि मी, शेरीफच्या ऑफिसातून निवृत्त,
एकोणतीस वर्षं लोकांची बोटं धरलेला माणूस.
तेव्हा नोंद करायला धरायचो,
आता पुसायला धरतो.
शाई तीच.

सदतीस नंबरची चिठ्ठी घेऊन आली
व्हर्डेल मेब्री, वय एक्कावन्न.
वकिलीण पोरीनं अर्ज नीट भरून दिलेला:
एकोणीसशे त्र्याण्णव, तीन चेक,
त्यांवर मेलेल्या मावशीची सही,
एकूण चारशे बारा डॉलर.
"दोन भाड्यात गेले," मी न विचारताच ती म्हणाली,
"तिसऱ्याचे बूट घेतले. लाल. खोटं कशाला सांगू."

अंगठा धरला, डावीकडून उजवीकडे लोळवला.
कागदावर नुसता डाग.
रेघ नाही, शंख नाही, चक्र नाही.
पुसला, पुन्हा लोळवला.
डाग.

"इस्पितळाची लाँड्री," ती म्हणाली, "बावीस वर्षं.
ब्लीच आणि कढत पाणी.
वर वॉर्डात जायचं होतं, नर्सच्या हाताखाली,
पण फॉर्मवर तो रकाना असतो ना,
हो किंवा नाही.
मग खालीच राहिले, चादरींपाशी."

आता कायदा असा:
जिचा गुन्हा पुसायचा, ती हीच बाई,
हे आधी तिच्या बोटांनी शाबीत करायचं.
आणि बोटं तर
केव्हाच सुटून गेलेली.

स्वयंपाकघरातून लोशनची बाटली आणली.
चोळत बसलो, एकेक बोट, मुळापासून टोकाकडे.
शेजारच्या टेबलावर कुणी डोनट वाटत होतं.
तिचा हात माझ्या हातात,
दोघंही अवघडलेले,
पहिल्यांदाच भेटलेल्या व्याही-विहिणीसारखे.

शेवटी डाव्या करंगळीवर,
भिंगातून,
अर्धा शंख.
मी जवळजवळ ओरडलोच.
ती बघत राहिली त्याच्याकडे,
जुनं भांडण असलेली शेजारीण
अचानक दारात दिसावी तशी.

"सगळं पुसलं जातं?"
खरं सांगायचं तर, नाही.
घरमालकाला दिसत नाही, मॅनेजरला दिसत नाही,
पण एक प्रत राहते पोलिसांच्या कुलपात.
हे सांगितलं की लोक माझ्यावरच चिडतात.

व्हर्डेल नखांतली शाई काढत होती.
"राहू दे," म्हणाली,
"कुठंतरी असू दे लिहिलेलं
मावशीचं नाव.
आणि सही मी हुबेहूब करायचे हं.
बँकेला कळलंसुद्धा नसतं,
ती मेलेली नसती तर."

जिना चढून गेली.
बूट वाजले नाहीत, रबरी तळाचे.
मी कागद बदलला
आणि हाक मारली: अडतीस.