डुकरांचं दूध

हाल्वर टोलेफसन पहिल्यांदा आला तेव्हा
बुटांना शेण होतं, टोपी हातात.
माझ्या भिंतीवर नवाकोरा त्रिकोण:
तळाशी पाव, भात, शेवया, ऐसपैस,
टोकाला चिमटीएवढ्या जागेत
लोणी आणि साखर एकत्र कोंबलेली,
एकाच गुन्ह्यातल्या साथीदारांसारखी.

मी सव्वीस वर्षांची. पेन्सिलीने दाखवत गेले.
धान्य दिवसाला सहा ते अकरा वेळा.
लोणी बंद, डब्यातलं मार्गारिन चालेल.
दूध प्यायचं तर साय काढलेलं,
निळसर, निर्दोष.

बेचाळीस गाईंचा मालक तो,
विस्कॉन्सिनच्या त्या दरीत तिसऱ्या पिढीचा.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
"बाई, एक विचारू?
साय काढलेलं दूध माझा बाप डुकरांना घालायचा.
मक्याच्या भरड्यात कालवून.
लवकर भरतात, म्हणायचा."

मी हसले. तेव्हा माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं.
"माणसात आणि डुकरात फरक असतो, मिस्टर टोलेफसन."
"असतो," तो म्हणाला.
"डुक्कर किती भरायचं ते आपण ठरवतो."

फाईलमध्ये मी लिहिलं: रुग्ण शंका घेतो.

पण त्याने ऐकलं.
हेच सांगायचंय मला, त्याने ऐकलं.
आपल्याच गाईंची साय डेअरीला घातली
आणि गावातून मार्गारिन विकत आणलं.
सकाळी संत्र्याचा रस, दुपारी स्ट्रॉबेरीचं दही,
झाकणावर ठळक: चरबी शून्य.
साखरेचे चमचे मी मोजले नाहीत,
माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.
बोर्गहिल्ड, त्याची बायको, वहीत मांडायची:
आज पावाचे नऊ. आज दहा.
मी खाली सही करायचे, शेजारी एक हसरा चेहरा.

पोट सुटलं. साखर चढली.
मी म्हटलं, चालणं कमी पडतंय.
डाव्या पायाची दोन बोटं काढली.
मी म्हटलं, चोरून खात असणार.
किती सोपं होतं. तक्ता खरा, माणूस खोटा.

आता नक्की काय झालं ते मला माहीत नाही.
त्याच्या बापालाही साखर असेल.
गुडघ्यांनी दगा दिला असेल, किंवा वयाने.
एका माणसावरून शास्त्र बनत नाही,
हे मीच विद्यार्थ्यांना शिकवलंय.
पण तो त्रिकोण किती माणसांवरून बनला होता,
कुठल्या, कोणी निवडलेल्या,
हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग त्रिकोण गेला. उभे पट्टे आले.
पट्टे गेले, चार रंगांची ताटली आली.
जुनं गुंडाळताना कोणी काही बोललं नाही.
नवं पोस्टाने यायचं,
सोबत चिकटपट्टी.

हल्ली भाचा येतो, डेरिक. पाव दिसला की दचकतो.
तिन्ही वेळा मांस, कॉफीत लोण्याचा गोळा,
आणि तोच ठाम आवाज,
मला ओळखीचा. सव्वीस वर्षांचा.

मागच्या गुरुवारी बोर्गहिल्डकडे गेले.
गोठा रिकामा. ती सत्त्याऐंशीची, कंबरेत वाकलेली,
पण लाटणं अजून हुकमात.
बटाट्याची पातळ लेफ्सं तव्यावरून उतरवली,
वर लोणी, लोण्यावर साखर भुरभुरली,
गुंडाळी करून माझ्यापुढे धरली:
अख्खा त्रिकोण, तळापासून टोकापर्यंत,
एका घासात.
"हे कितीला मोजायचं?" तिने विचारलं.
ती हसत नव्हती.
वही अजून फ्रिजवर होती.

मी खाल्लं. साखर दाताखाली कुरकुरली.
मग म्हटलं, "ते डुकरांच्या दुधाचं,
हाल्वरने मला विचारलं होतं एकदा..."

"सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली, तव्याकडे बघत.
"म्हणाला, पोरीला ठाऊक नाहीये.
पण पेन्सिल थरथरत होती तिची,
म्हणून हो म्हणून आलो.
नंतर मग सवय लागली."

तिने दुसरं लेफ्सं पसरलं,
सुरी लोण्यात बुडवली
आणि माझ्याकडे पाहिलं,
किती लावू, असं.