क्लचची तार

संध्याकाळचे सात. डांबर अजून दिवसाचं ऊन सोडतंय.
चावी फिरवली: कट.
पुन्हा फिरवली: कट.
कुणी बोलायला म्हणून जवळ यावं
आणि नुसती सुपारी कातरून निघून जावं, तसं.

बॅटरी होळीच्या आधी बदलली.
सेल्फ गेल्या महिन्यात, गड्डीगोदामातून, सेकंडहॅण्ड,
ग्यारंटी तोंडी.
मेडिकल चौकातल्याने रिले टाकला,
बिल दिलं नाही, सल्ला दिला:
मॅडम, विकून टाका.

खुशाल बावणे लुनावर आला.
हॅण्डलला मीटर लटकवलेला,
त्याच्या दोन वायरी, लाल अन् काळी, हेलकावे खात.
बॉनेटला हातही न लावता म्हणाला,
"हेडलाइट लावा. भिताडाकडं पाहा. आता मारा सेल्फ."
कट.
"उजेड कमी झाला?"
मेश्रामांच्या कंपाउंडवर दोन पिवळे गोल
होते तसेच.
"मंग करंट कोनी घेतलाच नाही. बॅटरी बरोबर हाय.
कायले बदलवली तुमी?"

मी गप्प.
एकवीस वर्षं बँकेत काढली,
न जुळणाऱ्या सव्वा रुपयासाठी
रात्री नऊपर्यंत लेजरं उलटली,
आणि गाडीच्या बाबतीत
जो जे म्हणेल ते विकत घेत गेले.

काळी टोचणी बॅटरीच्या मायनसवर,
लाल इंजिनाच्या उघड्या लोखंडावर.
"मारा."
सहा पॉइंट एक.
"इथं शून्य पाह्यजे. शून्याच्या जवळपास तरी.
सगळे पायतात करंट जाते कसा.
वापस येते कसा, थे कोनी पायत नाही."

मग टॉर्च तोंडात धरून
आणखी दोनतीनदा सेल्फ मारायला लावला,
आणि टॉर्च काढून म्हणाला,
"हे क्लचची तार. या, हात लावा."

तार गरम होती.
इंजिन तर सकाळपासून थंड.

गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत
तांब्याची जाड वेणी असते म्हणे,
ती तुटल्यावर परतीची सगळी वाहतूक
ह्या बारक्या तारेनं अंगावर घेतली होती,
कुणी न सांगता,
आपलं प्लास्टिक वितळवत.
आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते,
हल्ली क्लच जरा जड लागतो.

वेणी सोडवून त्याने माझ्या तळहातावर ठेवली:
हिरवी भुकटी, आणि शाबूत धागे चार.
"अर्थ सुटला होता," म्हणाला,
आणि वर पाहिलं.
मीही पाहिलं.
वर खिडकीत माझाच कूलर,
टाकीच्या कोपऱ्यातून बोअरचं खारं पाणी
थेंब थेंब, दोन उन्हाळे, बरोब्बर तिथेच.
पुढच्या सीझनला डांबर लावू, म्हणत होते.

नवी वेणी, दोन नट,
पॉलिशपेपरने चकचकीत केलेली रुपयाएवढी जागा.
एकशे ऐंशी.
"आणि ही तार?"
"चालंल थोडे दिवस. मंग एक दिवस तुटून जाईन.
सांगनार नाही."

लुना वळून गेली.
चावी फिरवली.
भिंतीवरचे दोन्ही गोल
खोल श्वास घेतल्यासारखे मंदावले,
आणि गाडी लागली.

बॉनेटवर एक थेंब पडला. मग अजून एक.
मी क्लच दाबला,
नेहमीपेक्षा हळू.