काचपट्टी क्रमांक चार

इथे पाऊस पडत नाही, नुसता भुरभुरतो.
दोनोस्तियात त्याला सिरिमिरी म्हणतात.
अशा दिवसांत फिल्म वाळायला वेळ लागतो,
हे मी वहीत तारखेच्या शेजारी लिहून ठेवते.

आज पाच काचपट्ट्या.
ॲक्रिलिकच्या पोटात अल्किड रेझिन:
शून्य, पंधरा, तीस, पन्नास, सत्तर टक्के.
बाटलीत सगळी सारखीच, दुधासारखी पांढरी;
फरक कळतो तो पाणी निघून गेल्यावर.

पाणी निघून जातं तेव्हा
कण कणाला टेकतो, दबतो,
गोलाला कोपरे फुटतात,
आणि साखळ्या हळूच एकमेकींचं कुंपण ओलांडतात.
नाही ओलांडलं, तर भेगा.
पहिली पट्टी तशीच गेली, थंड खोलीत
पापडासारखी तडकून.

अल्किड वाढवलं की भेगा मिटतात,
चकाकी येते, इतकी
की ओयेरला तिच्यात आपली दाढी दिसते.
पण वर लोलक ठेवला की लवकर थकतो,
मऊ अंग त्याचे झोके गिळून टाकतं.
तीस टक्क्यांना अठ्ठेचाळीस झोके. सत्तरला एकोणीस.

गार्बिन्ये म्हणते, थांब जरा,
हवेतला ऑक्सिजन खात खात ते कणखर होतं,
महिना दे त्याला.
फक्त, ॲक्रिलिकनं घडता घडताच
त्याचे दुहेरी बंध हिसकावून घेतले असतील
तर मागाहून गाठी मारायला काही उरत नाही.
फार घाईनं जुळवलेली जोडपी
मऊच राहतात, म्हणते,
आणि स्वतःच्या घटस्फोटावर हसते.

आइता, म्हणजे माझा बाप,
पासायाच्या बंदरात बेचाळीस वर्षं होड्या रंगवत होता.
जवसाचं तेल, टर्पेंटाइन, संध्याकाळी डोकं गच्च.
एकदा हट्टानं प्रयोगशाळा बघायला आला.
मी म्हटलं, कशाला हात लावू नकोस.
त्यानं सगळं ऐकून घेतलं, कण, नॅनोमीटर, लोलक,
आणि चौथ्या पट्टीवर अंगठा दाबला.
"कच्चं आहे," म्हणाला.
"यंत्र काय म्हणतं?"

यंत्र सव्वीस म्हणत होतं. म्हणजे तेच.

मी चिडले. नवी पट्टी ओढली, नवी तारीख घातली.
त्यानं अंगठा नाकाशी नेला.
"जवस आहे यात. पण डोकं दुखत नाही."
मग बराच वेळ खिडकीशी उभा राहिला,
जिथून बंदर दिसत नाही.

एकतिसावा दिवस.
जुनी पट्टी फेकायचीच होती;
सहज लोलक ठेवला, ठशाच्या बाजूला.
बावन्न.
किंचित पिवळी पडलीय, ते ठरलेलंच.
दिवसभर पाण्यात बुडवली, पांढुरकी झाली नाही.
त्याच्या अंगठ्यावरचा रापीचा जुना व्रण
उलटा उमटलाय.
नख लावून पाहिलं. निघत नाही.

अहवालात आकडे नव्या पट्टीचे जातील.
वहीत, 'दोष' या रकान्यात, मी लिहिलं:
अंगठा, डावा.
उद्या साठ टक्के करून बघायचंय.