दुसरी गोळी

एप्रिलचा चिकट बर्फ बुटांवर घेऊन
फेदोस्या दुकानात आली.
खांद्याला काही नाही, काखेत कॉफीचा जुना डबा.
"ऑर्विल, आखूड दाखव," म्हणाली. "आणि जाड गोळीची."

एकतीस वर्षं मी या काउंटरमागे उभा आहे.
कोडियाक बेटावर अस्वल बघायला येणाऱ्यांना
दुर्बीण हवी असते, चकाकी हवी असते,
दस्त्यावर स्वतःचं नाव कोरून हवं असतं.
अस्वलाच्या घरात कामाला जाणारा विचारतो,
ही गंज कुठून धरते?

फेदोस्या उन्हाळाभर नदीच्या तोंडाशी
वर चढणारे सामन मोजते, सरकारसाठी,
अंगठ्याखाली टिकटिकणारं यंत्र धरून.
दोन्ही अंगांना आल्डरची जाळी,
इतकी दाट की लांब नळी वळेपर्यंत
वळायची गरजच संपलेली असते.

सगळ्यात जाड नळीची काढली,
बोलायच्या भरात म्हणालो,
"तोंड बघ, करंगळी जाईल आत."
आणि जीभ चावली.
तिची उजवी करंगळी, शेजारच्या बोटासकट,
दोन वर्षांपूर्वी जाळं ओढणाऱ्या विंचने नेली.
ती हसली. "मग मला मापता येणार नाही. तू घाल."
मी घातली. पहिल्या पेरापर्यंत गेली.

बापाची बोल्टची रायफल आहे तिच्याकडे,
आणखी तीन पिढ्या चालेल अशी.
पण बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा,
आणि हात म्हणजे तीन बोटं नि थंडी.
गेल्या सप्टेंबरात पहिल्या आणि दुसऱ्या गोळीच्या मधे
जी फट राहिली,
त्या फटीत तिचा भाऊ मकारी होता.
हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
गाव एवढंसं. चर्चच्या घंटेनेच सांगितलं होतं.

"या तिन्हींत मधे हात लागत नाही," मी म्हणालो.
"चाप ओढ, सोड, पुन्हा ओढ."
"आणि ही खातात का?"
तिने डब्याचं झाकण काढलं.
नदीमुखाची करडी रेती, ओली, खारट,
वर चिकटलेला एक खवला.

विकायच्या मालात रेती ओतणारा
मी पहिलाच मूर्ख दुकानदार असेन.
खडीच्या खाणीत, वाऱ्याकडे पाठ करून,
पहिली दुसऱ्या गोळीला अडकली.
दुसरी, जिची जाहिरात माझ्याच भिंतीवर आहे,
तिसरीला.
तिसरी होती कुणीतरी गहाण टाकलेली,
दस्त्याला भेग, रंग उडालेला,
बुटक्या बाईसारखी रुंद.
तिने रेती चावली, खोकली,
आणि पाचही गोळ्या खडीत पुरल्या.
फेदोस्याचा खांदा प्रत्येकीला मागे गेला,
पाय हलले नाहीत.
"हीच."
मी म्हटलं, "कुरूप आहे."
"मी काय तिच्याशी लग्न करतेय?"

ऑक्टोबरात परत आली.
गालांवर ऊन, बंदुकीवर गंजाचे तीन ठिपके,
एवढेच, तेल लावून पुसल्यावर दोनच.
तिने काडतुसांचा खोका काउंटरवर ठेवला.
वीसचा होता. आत पंधरा.
पाच खाणीत गेल्या होत्या.

"आला नाही?"
"आला. पाण्याच्या त्या बाजूला उभा राहिला.
मीही राहिले.
ही खांद्याला होती, बोट चापाबाहेर.
बराच वेळ.
त्याला मासे हवे होते, ऑर्विल.
मी तेवढ्यातही मोजत होते.
चौदा गेले."

फोडलेला खोका मी परत घेत नाही,
तशी पाटीच आहे गल्ल्याच्या वर.
पंधराचे पैसे मोजून दिले.

ती गेल्यावर काउंटर पुसला.
लाकडाच्या फटीत एप्रिलची रेती अजून आहे,
चाकूच्या टोकाने काढायला गेलो
आणि राहू दिली.