दगडी साकव

नाक्यावर रजिस्टर. नाव, गाव, कारण.
कारणापुढं हात आपसूक लिहून गेला: पुलाची पाहणी.
बांधकाम खात्यातली चौतीस वर्षं
अशी कुठंही सांडतात.

जानू झोरे पुढं. काठी खांद्यावर, टेकायला नव्हे.
पाटण खाली धुक्यात राहिलं.
अंजनीची जाळी संपली, कारवी संपली,
मग नुसता सडा,
भोकाभोकांचा जांभा, उन्हात वाळत घातलेला.

आणि एकाएकी पायाखालची जमीन पुढं सरकलेली.
मधे ओघळ, खोल,
आणि त्यावरून या काठाचा त्या काठाला
दगडाचा एकच हात.

मी टेप काढली.
गाळा साडेसहा मीटर. जाडी, सगळ्यात कमी तिथं, चार फूट.
सळई नाही, एस्टिमेट नाही,
कोनशिला नाही, नारळाचा डाग नाही.
"कुणी बांधला म्हणतात? भीमानं?"
"बांधला न्हाई. ऱ्हायला," जानू म्हणाला,
"बाकीचं गेलं पान्यासंगं."

वरच्या अंगाला बोटभर खोल एक वाट झिजलेली.
म्हशींची.
सांजेला एकामागं एक यायच्या, चौदा.
त्यानं चौदाही नावं सांगितली.
मला बांडी आणि मोरी तेवढ्या राहिल्या.
मग अभयारण्य आलं, वाडी खाली उतरली.
आता पाटी आहे: पुलावर जाऊ नये.
औंदा रंग जानूनंच दिलाय तिला.

म्हणून खालून गेलो.
गार. एक थेंब बराच विचार करून पडला.
पुलाखाली उभा राहिलो की मी तडेच बघतो.
होता. केसाएवढा, उत्तरेकडं,
आत नेचा उगवलेला.

जानूनं तोंडाशी ओंजळ धरली
आणि हाक घातली, लांब, शेवटाला वर चढणारी.
कमानीनं ती थोडा वेळ धरून ठेवली.
पलीकडच्या गवतात एका गव्यानं मान उचलली,
रवंथ थांबवला,
आपलं काही नाही बघून पुन्हा सुरू केला.
"फसला," जानू म्हणाला. हसला, पण आवाज न करता.

परतताना पुन्हा रजिस्टर. शेरा.
लिहिलं: सुस्थितीत. दुरुस्तीची गरज नाही.
नेच्याचं कुणाला सांगायचं?

जानूनं माझ्याखाली सही केली,
गावाच्या रकान्यात लिहिलं: वरीलप्रमाणे.
वर मी लिहिलं होतं
कराड.