थांबा, असं म्हणायची नोकरी

नगरपालिकेत माझं काम एवढंच:
परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना
पदवी हातात पडायच्या आत गाठून म्हणायचं, थांबा.
हेलसिंकीला जाऊ नका, जर्मनीला जाऊ नका.
इथे दवाखान्यात माणसं कमी आहेत,
शाळेत मुलं कमी,
भर पडते ती फक्त चर्चमागच्या दफनभूमीत.
(हे शेवटचं साहेबांनी खोडलं.)

माझा मुलगा पर्थला असतो.
हेही भाषणात नाही.

पोस्टर छान झालंय. गुळगुळीत कागद,
तळं, तळ्यात होडी, होडीत चार रंगांची चार माणसं
एकाच विनोदावर हसताहेत.
कागदाची गिरणी होती या गावात.
वडील तिथल्या आवाजात बहिरे झाले.
आता हा कागद कुठून येतो
मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात सभागृहात कॉफी, दालचिनीचे पाव.
दुसऱ्या रांगेत एफुआ, ताकोराडीची,
नर्सिंगचा अभ्यास संपत आलेला.
काही शंका, म्हटल्यावर तिनं हात वर केला
आणि आमच्या भाषेत बोलली, सावकाश,
एकेक विभक्ती चाचपत,
अंधारात पायरी चाचपावी तशी.

"तीन वर्षं पहाटे पेपर टाकते मी.
दोनशे चौदा दारं.
दारांवरची आडनावं पाठ आहेत.
कोरहोनेन, हेइक्किनेन, तिसऱ्या मजल्यावर परत कोरहोनेन.
त्यांचं कुत्रं आता माझ्यावर भुंकत नाही.
एका दाराच्या फटीतून पेपर आत जाईना,
आधीचे साचलेले.
फोन मीच केला.
कुलूपवाला आला, दार उघडलं.
तीन वर्षांत उघडलेलं ते एकच.
तुम्ही म्हणता, थांबा.
कुठे? जिन्यात?"

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहिलं.
चांगला मुद्दा आहे, मी म्हटलं, लिहून घेते.
आणि खरंच लिहिलं वहीत: जिन्यात?

माझं आडनाव तिनं घेतलं नव्हतं.
पण माझ्याही दारात पेपर पडतो,
सव्वाचारला. मी कूस बदलते.

आमच्या भाषेत बर्फाला म्हणतात यॅ.
ती थांबते, हेही यॅ.
थांब, हेही यॅच.
लहानपणी यावर हसतो आम्ही,
मग तोंडात तो शब्द इतका घोळतो
की त्याचा गारवा जाणवेनासा होतो.

आदल्या दिवशी पाऊस, रात्री सगळं गोठलेलं.
चारला उठले, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला,
खाली जाऊन उभी राहिले.
ती आली, कपाळावर दिवा, पुढ्यात ढकलगाडी.
पायरी काचेसारखी.
मी ओरडले, "यॅ!"

ती होती तिथेच थबकली.
दिवा माझ्या तोंडावर.
"कोणतं?" तिनं विचारलं.

भाषण मला पाठ होतं:
घरभाड्यात सवलत, भाषेचे वर्ग मोफत,
स्वच्छ हवा.
त्यातलं एक अक्षर आठवेना.
कोपऱ्यातल्या पेटीतून खडी आणून पायरीवर पसरली.
वर कॉफी ठेवलीय, म्हटलं.

"अजून एकसष्ट दारं आहेत."

"मग गाडी मी ढकलते."

चाकं करकरत होती. नदीवर वाफ.
तिनं सांगितलं, ताम्पेरेहून फोन आलाय,
मोठं हॉस्पिटल आहे,
शुक्रवारपर्यंत कळवायचंय.
मी काही बोलले नाही.
तेव्हा मी कामावर नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर कोरहोनेनांच्या फटीत
पेपर मी सरकवला.
आत कुत्रं उठलं, हुंगलं,
आणि जिवाच्या आकांतानं भुंकू लागलं.
एफुआनं दाराला तोंड लावून
हळू आवाजात त्याला काहीतरी सांगितलं,
तिच्या भाषेत.
ते गप्प बसलं.