ओगराळं

कुओपिओच्या पलीकडे, गोठलेल्या तळ्याकाठी
ओइलीमावशी सौनाच्या दगडांवर पाणी ओतते.
दगड क्षणभर विचार करतात,
मग वाफ छताला जाते, तिथून वळते
आणि आमच्या कानांच्या पाळ्या शोधत खाली येते.
तिच्या बोलीत या वाफेचं नाव वेगळं,
किटलीतल्या वाफेचं वेगळं.

"तुझ्या त्या ग्रहाचं काय झालं?"
आजारी शेजाऱ्याची चौकशी करावी, तसं विचारते.

त्याला नाव नाही. क्रमांक आहे, तोही लांबलचक.
तांबूस ताऱ्याला बिलगून अकरा दिवसांचं वर्ष,
एका अंगाला कायमची दुपार.
मंगळवारी मी त्याच्यावर समुद्र ठेवला,
तीन किलोमीटर खोल,
आणि ऊन वाढवत नेलं, एकेक टक्का.
आठव्यापर्यंत बिचाऱ्यानं निभावलं.
दुपारच्या बाजूला ढगांची छत्री धरून उभा होता.
नवव्याला हात सुटला.

लोकांना वाटतं, समुद्र उकळला असेल.
एक बुडबुडा नाही, मावशी.
स्वतःच्याच वाफेच्या ओझ्याखाली
तो गुमान हवा होत जातो,
जितका हवा होतो तितकी वाफ दाट,
जितकी दाट तितका तो आणखी तापतो.
दर चौरस मीटरला दोनशे ब्याऐंशी वॉट:
त्या वाफेतून एवढीच धग बाहेर पडते,
आत काहीही होवो.
वरून येणारं ऊन एका वॉटनं जास्त झालं
की खातं पुन्हा कधी जुळत नाही.

पहाटे सव्वातीनला प्रोग्रॅम थांबला.
पडद्यावर एकच ओळ: तापमान तक्त्याबाहेर.
तक्ता करणाऱ्याला वाटलंच नसेल
कुणी इतक्या पुढे येईल.

"मग दार उघडायचं,"
मावशी म्हणते, आणि पायानं उघडतेसुद्धा.
उणे सव्वीस अंश गुडघ्यांपर्यंत आत येतात.

दार असतं गं. पण फार वर,
आणि हलक्यांनाच तिथून जाता येतं.
हायड्रोजन जातो, तो परतत नाही.
ऑक्सिजन मागे राहतो,
खडकाला धरून बसतो, गंज होतो.
असं पळतं तोंडचं पाणी
एका अख्ख्या जगाच्या.

ती काही बोलत नाही.
उघड्या दाराच्या चौकटीवर चाकूच्या खुणा दिसतात,
तळं कोणत्या तारखेला धरलं त्याच्या:
वर नोव्हेंबर, खाली डिसेंबर.
एलिसकाका कोरायचे, आता तीच कोरते.
यंदाची कडीच्याही खाली.
वाकावं लागलं असेल तिला.

दार लोटून ती बादलीत ओगराळं बुडवते,
बर्फाची एक चकती लाकडावर टकटकते.
"आणखी एक?"

मी आधी दाराकडे बघते.